हॅलोवीनचा रंगीत स्वयंपाक: अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी

अमेरिकेत नव्याने आलेल्या कुटुंबाला ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात एक प्रश्न हमखास पडतो. ३१ तारखेला मुले भुताखेतांची सोंगे घेऊन घरोघर गोळ्या-चॉकलेटे मागत फिरणार, शेजारची चार मुले आपल्याकडे येणार, मग त्या दिवशी घरात शिजवायचे काय? दुकानात विकायला ठेवलेले बरेचसे खाद्यपदार्थ साखर आणि कृत्रिम रंगांनी भरलेले असतात, आणि सजवलेल्या ताटांची छायाचित्रे पाहून वाटते की हे आपल्याच्याने होणार नाही. प्रत्यक्षात हा स्वयंपाक फार सोपा आहे. या सणाचे मुख्य रंग नारिंगी आणि काळा हे दोन, त्यांच्या जोडीला थोडा हिरवा आणि थोडा जांभळा. हे सगळे रंग भोपळा, काळे तीळ, पालक, कोकम, लाल कोबी अशा पदार्थांतून सहज मिळतात. म्हणून आधी रंग ठरवावा, मग पदार्थ निवडावा आणि भुताचे डोळे-तोंड सर्वांत शेवटी करावे. या क्रमाने गेल्यास जेवण चवीचेही होते आणि मुलांना हवी ती गंमतही त्यात येते.

या सणाची मुळे आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये आहेत. तिथे सलगम कोरून त्यात दिवा ठेवत असत. स्थलांतरित अमेरिकेत आले, तेव्हा त्यांना इथला भोपळा मोठा आणि कोरायला सोपा वाटला आणि सलगमाची जागा त्याने घेतली. १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या दिवसाची ही पूर्वसंध्या असल्यामुळे आयर्लंडमधील कॅथलिक घरांत त्या दिवशी मांस वर्ज्य असे. कुस्करलेला बटाटा आणि कोबी यांचे कोलकॅनन आणि सुकामेव्याचा गोडसर पाव हे तिथले या दिवसाचे पारंपरिक पदार्थ आहेत. शाकाहारी कुटुंबाने आपल्या घरचे जेवण या सणाला कमी पडेल अशी शंका मुळीच बाळगू नये.

१. आधी वेळ आणि माणसे ठरवा

मुले साधारणपणे अंधार पडू लागताच बाहेर पडतात. न्यू जर्सीसारख्या भागात ३१ ऑक्टोबरला सूर्य संध्याकाळी सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून जेवण साडेचार ते पाचच्या दरम्यान तयार असावे. पोट भरून बाहेर पडलेले मूल गोळ्यांवर तुटून पडत नाही, आणि या स्वयंपाकाचा सर्वांत मोठा उपयोग मला तोच वाटतो. हातात धरून खाता येतील असे दोन पदार्थ, वाटीतला एक गरम पदार्थ, एक गोड आणि एक पेय एवढा बेत पुरतो. त्याहून अधिक काही करू नये.

दारावर येणाऱ्या अनोळखी मुलांना घरी केलेला कोणताही पदार्थ देऊ नका. इथे पालक फक्त कारखान्यातून बंद वेष्टनात आलेल्याच गोळ्या मुलांना खाऊ देतात आणि घरचा पदार्थ, तो कितीही प्रेमाने केलेला असला, तरी टाकून देतात. बऱ्याच शाळाही वर्गातल्या समारंभासाठी घटकांची यादी छापलेला विकतचाच खाऊ मागतात. म्हणून हा स्वयंपाक घरच्यांसाठी आणि तुम्ही बोलावलेल्या पाहुण्यांसाठी आहे असे समजावे.

२. सामान आणि साधने

भाजी आणि किराणा: एक मध्यम बटरनट भोपळा, सहा नारिंगी ढोबळी मिरच्या, एक लहान लाल कोबी, पालकाची जुडी, बटाटे, आले, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, लिंबे, काळा तांदूळ, शिजवलेल्या काळ्या घेवड्याचा डबा, बिया काढलेले काळे ऑलिव्ह, घट्ट दही, नारळाचे दूध, गूळ, कणीक, तांदळाचे पीठ, काळे तीळ, कोकम.

गोठवलेल्या विभागातून: पफ पेस्ट्रीचे (भाजल्यावर पापुद्रे सुटणाऱ्या तयार पिठाचे) एक खोके. त्यात बहुधा लाटून ठेवलेल्या दोन चौकोनी पोळ्या असतात.

साधने: लहान धारदार सुरी, ओव्हनचा ट्रे, बेकिंगचा कागद, दातकोरणी, मिक्सर, आणि कोपरा कापून नळीसारखी वापरता येईल अशी एक जाड प्लास्टिकची पिशवी. ओव्हनवर अंश फॅरनहाइटमध्ये असतात, हे लक्षात ठेवा. ३५० फॅरनहाइट म्हणजे सुमारे १७५ सेल्सिअस आणि ४०० फॅरनहाइट म्हणजे सुमारे २०० सेल्सिअस.

३. भोपळा कोणता घ्यायचा

सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. दुकानाबाहेर रचलेले मोठे नारिंगी भोपळे कोरण्यासाठी असतात. त्यांचा गर पातळ, रेषाळ आणि पाणचट निघतो, त्यामुळे शिजवल्यावर चव लागत नाही. खाण्यासाठी दोन ते चार पौंडांचा लहान, गोल ‘पाय’ भोपळा (पाय म्हणजे पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला इथला पदार्थ) घ्यावा, किंवा त्याहून उत्तम म्हणजे लांबट, फिकट सालीचा बटरनट. आपल्याकडच्या तांबड्या भोपळ्याच्या चवीला तोच सर्वांत जवळचा आहे आणि त्याचा गरही गडद नारिंगी असतो. भारतीय किंवा मेक्सिकन दुकानात कापून विकलेली तांबड्या भोपळ्याची फोड मिळाली, तर तीही चालेल.

डब्यातला तयार गर घेणार असाल, तर डब्यावरचा मजकूर नीट वाचा. शेजारी-शेजारी ठेवलेल्या, जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या दोन डब्यांपैकी एकात नुसता भोपळ्याचा गर असतो आणि दुसऱ्यात पायसाठी साखर, दालचिनी, लवंग घातलेले सारण असते. दुसरा डबा चुकून सुपात गेला, तर ते सूप वाचवता येत नाही. घटकांच्या यादीत भोपळ्याखेरीज काहीही नसेल, तोच डबा आपल्या कामाचा.

कोरून, आत दिवा लावून पायरीवर ठेवलेला भोपळा नंतर खाण्यासाठी वापरू नये. त्याच्या बिया मात्र कोरतानाच काढून ठेवाव्यात. त्या धुऊन, मिठाच्या पाण्यात दहा मिनिटे उकळून, फडक्यावर कोरड्या कराव्यात. मग थोडे तेल, तिखट आणि चाट मसाला लावून ३२५ अंश फॅरनहाइटला वीस-पंचवीस मिनिटे, मधूनमधून हलवत भाजाव्यात. बिया ओल्या राहिल्या, तर त्या कुरकुरीत होण्याऐवजी चिवट होतात.

४. रंग कसे टिकवायचे

नैसर्गिक रंग उष्णतेला आणि आंबटपणाला वेगवेगळ्या रीतीने वागतात. एवढे समजले, की बाटलीतल्या रंगाची गरज उरत नाही.

नारिंगी रंग सर्वांत भरवशाचा असतो. भोपळा आणि गाजर यांचा रंग शिजवल्याने किंवा भाजल्याने जात नाही. हिरवा रंग त्याच्या उलट नाजूक असतो. पालक उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून लगेच बर्फाच्या पाण्यात काढला, तर तो हिरवागार राहतो. फार वेळ शिजवला किंवा त्यात लिंबू आधीच पिळले, तर तो शेवाळी पडतो, म्हणून लिंबू नेहमी वाढताना पिळावे.

बिटाचा लाल रंग कच्च्या किंवा थंड पदार्थात सुंदर दिसतो, परंतु केकमध्ये सोडा घालून भाजला की तपकिरी होतो. शिवाय बीट भरपूर खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी काही मुलांची लघवी किंवा शौच लालसर दिसते. त्यात धोका काही नसतो, पण पाहुण्या मुलांच्या पालकांना आधी सांगून ठेवलेले बरे. हळद आणि सोडा यांची गाठ पडली, की हळद लाल होते. हळदीला चुन्याची निवळी लावून कुंकू करतात ते याच गुणामुळे, आणि ढोकळ्यात सोडा नीट न मिसळल्यास पडणारे लाल ठिपकेही त्याचेच.

मुलांना सर्वाधिक आवडतो तो लाल कोबीचा रंग. चिरलेला कोबी पाण्यात दहा मिनिटे उकळून पाणी गाळून घ्यावे, ते गडद जांभळे होते. त्यात काचेसारख्या पारदर्शक शेवया भिजवल्या, की त्या जांभळट-निळ्या दिसतात. ताटात वाढल्यावर मुलाच्या हाताने लिंबू पिळून घ्यावे, म्हणजे त्याच्या डोळ्यांदेखत शेवया गुलाबी होऊ लागतात. कोबीतील रंगद्रव्य आंबटात लाल आणि सोड्यासारख्या अल्कलीत निळे-हिरवे होते. गोकर्णाच्या वाळलेल्या फुलांचा निळा काढाही लिंबाने असाच जांभळा होतो. शेवयांवर थोडे मीठ, भाजलेले तीळ आणि तेल घातले, की त्या खायलाही चांगल्या लागतात.

काळ्या रंगासाठी काळे तीळ, काळा तांदूळ, काळा घेवडा, ऑलिव्ह आणि गोड पदार्थात गडद काळा कोको वापरावा. काही ठिकाणी काळ्या रंगासाठी सक्रिय कोळशाची पूड सुचवलेली आढळते. ती घरात आणू नका. हा कोळसा पोटातली औषधेही शोषून घेतो आणि नेमाने गोळ्या घेणाऱ्या माणसाचे त्यामुळे नुकसान होऊ शकते. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य विभागाने २०१८ मध्ये उपाहारगृहांना तो खाद्यपदार्थांत वापरण्यास मनाई केली.

५. कोळ्याच्या जाळ्याचे सूप

बटरनट उभा चिरून बिया काढाव्यात, तेलाचा हात लावून कापलेली बाजू खाली करून ट्रेवर ठेवावा आणि ४०० अंश फॅरनहाइटला पाऊण तास भाजावा. साल काढत बसू नये, कारण कच्च्या बटरनटची साल कठीण असते आणि त्यावरून सुरी घसरते. भाजल्यावर गर चमच्याने सहज निघतो. तुपात जिरे आणि आले परतून त्यात गर आणि तीन कप पाणी घालावे, एक उकळी आणून ते मिक्सरमधून काढावे आणि नंतर अर्धा कप नारळाचे दूध, मीठ, मिरपूड घालावी. गरम पदार्थ वाटताना भांडे निम्म्याहून अधिक भरू नये आणि झाकणाच्या मधले बूच काढून तिथे फडके धरावे, नाहीतर वाफेच्या दाबाने झाकण उडते.

सूप दाटच असले पाहिजे, कारण पातळ सुपात दही बुडून जाते आणि जाळे उमटत नाही. दही थोड्या दुधात पातळ करून प्लास्टिकच्या पिशवीत भरावे, कोपरा किंचित कापावा आणि वाटीतल्या सुपावर मध्यापासून तीन वर्तुळे काढावीत. मग दातकोरणीचे टोक मध्यावर टेकवून बाहेरच्या दिशेने सात-आठ वेळा ओढावे. अर्ध्या ऑलिव्हचे अंग आणि उरलेल्या अर्ध्याच्या पातळ चकत्यांचे पाय केले, की कोळी झाला. जाळे वाढायच्या अगदी आधी काढावे.

६. ढोबळी मिरचीचे कोरलेले चेहरे

भोपळा कोरण्याची हौस इथे खाण्याजोग्या रूपात भागते. सपाट बुडाच्या, सरळ उभ्या राहणाऱ्या मिरच्या निवडाव्यात. देठासकट वरचे टोपण कापून बिया काढाव्यात आणि पुढच्या बाजूला लहान त्रिकोणी डोळे आणि अरुंद तोंड कोरावे. भोके मोठी झाली, तर भाजताना मिरची खचते आणि सारण बाहेर येते.

आतले सारण काळे असावे, कारण पांढऱ्या भातापेक्षा काळ्या सारणावर चेहरा कितीतरी उठून दिसतो. काळा तांदूळ तासभर भिजवून शिजवावा. त्याला साध्या तांदळापेक्षा अधिक वेळ, म्हणजे अर्ध्या तासाहून थोडा जास्त लागतो. तेलात मोहरी, हिंग, कांदा, लसूण आणि गोडा मसाला परतून त्यात तांदूळ आणि निथळलेला काळा घेवडा मिसळावा. हे सारण मिरच्यांत हलक्या हाताने भरून, ट्रेमध्ये थोडे पाणी घालून, ३७५ अंश फॅरनहाइटला पंचवीस ते तीस मिनिटे भाजावे. मिरची मऊ झाली, पण उभी राहिली, की काढावी.

७. बटाट्याच्या भाजीच्या ममी

ममी म्हणजे प्राचीन इजिप्तमधील कापडी पट्ट्यांत गुंडाळलेली प्रेते. तशाच पट्ट्यांत गुंडाळलेल्या या ममी दिसायला अवघड वाटतात, परंतु सातवीतले मूलही त्या करू शकते. बटाटेवड्यासाठी करतो तशीच आले, मिरची, लसूण, कोथिंबीर आणि हळद घातलेली कोरडी भाजी करून पूर्ण गार होऊ द्यावी. तिचे बोटभर लांबीचे, जाडसर मुटके वळावेत. पफ पेस्ट्री आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवून सैल करावी किंवा ओट्यावर चाळीस मिनिटे ठेवावी. तिच्या एक सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापून त्या मुटक्याभोवती आडव्या-तिरक्या गुंडाळाव्यात आणि चेहऱ्यापुरती फट मोकळी सोडावी, म्हणजे आतला पिवळा रंग दिसतो. वरून दूध लावून ४०० अंश फॅरनहाइटला अठरा ते वीस मिनिटे सोनेरी होईपर्यंत भाजावे.

पेस्ट्री हाताच्या उबेने लिबलिबीत होऊ लागली, तर काम थांबवून ती पंधरा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावी. भाजी गरम किंवा ओलसर असेल, तर पट्ट्या खालून कच्च्या राहतात. डोळे भाजल्यानंतरच लावावेत. चीजच्या ठिपक्यावर ऑलिव्हचा बारीक तुकडा पुरेसा होतो. मिरीचे दाणे सुंदर दिसतात, पण ते मुलाच्या दाताखाली किंवा घशात जातात, म्हणून टाळावेत. सोबत पुदिना-कोथिंबिरीची हिरवी चटणी द्यावी.

८. भोपळ्याचे घारगे

या दिवसासाठी आपल्या स्वयंपाकघरातला सर्वांत योग्य पदार्थ म्हणजे घारगे, असे माझे ठाम मत आहे. त्यांचा रंग मुळातच नारिंगी असतो, ते आदल्या दिवशी करून ठेवता येतात आणि ज्यांनी ते पूर्वी कधी खाल्ले नाहीत, त्या अमेरिकन मुलांनाही गुळाची चव लगेच आवडते.

एक कप किसलेला भोपळा आणि पाऊण कप चिरलेला गूळ मंद आचेवर भोपळा मऊ होईपर्यंत शिजवावा. डब्यातला गर घेतल्यास तो आधी कढईत आटवून घ्यावा, कारण त्यात पाणी बरेच असते. मिश्रण गार झाल्यावर त्यात चिमूटभर मीठ, वेलदोडा, दोन चमचे तांदळाचे पीठ, दोन चमचे कडकडीत तेलाचे मोहन आणि मावेल तेवढी कणीक घालून घट्ट भिजवावे. साधारण दोन कप कणीक लागते. पाणी अजिबात घालू नये. मैद्याचा उपयोग करू नका, त्याने घारगे वातड होतात.

पुरीपेक्षा जाड लाटून, भोपळ्याच्या किंवा वटवाघळाच्या आकाराच्या साच्याने कापावेत आणि वर काळे तीळ दाबून लावावेत. डोळे-तोंड कापल्यास ते घारगे फुगत नाहीत, मात्र खुसखुशीत होतात. मध्यम आचेवरच तळावेत. आच मोठी असली, की गूळ करपतो आणि नारिंगीचा काळपट रंग होतो.

ज्या वर्षी दिवाळी आणि हॅलोवीन एकमेकांना लागून येतात, त्या वर्षी हे घारगे दोन्हीकडे चालतात. २०२४ मध्ये तर नरक चतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच होती, आणि अनेक घरांत सकाळी अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी भुतांची सोंगे असा दिवस गेला.

९. पेय

कोकमाचे आगळ आणि नारळाचे दूध यांची सोलकढी रंगाने या दिवसाला साजेशी दिसते. मुलांसाठी कोकमाचे सरबत करून त्यात बर्फाचा हात सोडावा. पूड न लावलेला, अन्नासाठी वापरण्याजोगा हातमोजा आतून धुऊन, पाणी भरून, तोंड बांधून रात्रभर गोठवावा आणि मोजा कापून पूर्ण काढून टाकावा.

धूर निघणारे पेय करण्यासाठी कोरडा बर्फ आणण्याचा मोह टाळावा. त्याचे तापमान उणे ७८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तो त्वचेला लागला, तर जखम होते आणि पेल्यातून पोटात गेला, तर गंभीर इजा होते. लहान मुले असलेल्या घरात त्याचे काही काम नाही.

शरद ऋतूत सफरचंदाच्या बागांतून सायडर आणण्याची इथे पद्धत आहे. हा बहुधा न गाळलेला सफरचंदाचा रसच असतो, परंतु पाश्चरीकरण न केलेला रस लहान मुलांना, गरोदर स्त्रियांना आणि वृद्धांना उकळल्याशिवाय देऊ नये. बाटलीवर तशी सूचना छापलेली असते.

१०. पाहुण्यांना विचारायच्या गोष्टी

मुलांना बोलावताना त्यांच्या पालकांना ॲलर्जीविषयी न चुकता विचारावे. अमेरिकेच्या कायद्यात नऊ प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थ सांगितले आहेत: दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, झाडावरचा सुकामेवा (बदाम, काजू, अक्रोड यांसारखा), शेंगदाणे, गहू, सोयाबीन आणि १ जानेवारी २०२३ पासून तीळ. आपल्या स्वयंपाकात शेंगदाण्याचे कूट आणि तीळ सहज पडतात, म्हणून अधिक जपावे. तिळाची ॲलर्जी असलेले मूल येणार असेल, तर घारग्यांवर आणि शेवयांत तीळ घालू नयेत. काही घरांपुढे हिरवट-निळ्या रंगाचा भोपळा दिसेल. त्या घरी खाण्याऐवजी लहान खेळणी किंवा पेन्सिली मिळतात, अशी ती खूण आहे आणि ॲलर्जी असलेल्या मुलांच्या पालकांना तिचा मोठा आधार वाटतो.

तुम्ही शाकाहारी असाल, तर सजावटीच्या गोळ्यांचे वेष्टन वाचावे. मार्शमेलोमध्ये आणि पिवळ्या-नारिंगी-पांढऱ्या कँडी कॉर्नमध्ये बहुधा जनावरांपासून काढलेले जिलेटिन असते. कारमाइन हा लाल रंग किड्यांपासून काढतात. काही तयार पिठांत डुकराची चरबीही असते, म्हणून पफ पेस्ट्रीच्या खोक्यावरील यादीही पाहावी.

चार वर्षांखालील मुलांना डोळे म्हणून अख्खी द्राक्षे, तसेच पॉपकॉर्न आणि अख्खे दाणे देऊ नयेत. द्राक्षे उभी चिरून चार तुकडे करूनच द्यावीत.

११. कामाची विभागणी

दोन दिवस आधी भोपळा भाजून गर काढून ठेवावा आणि बिया भाजाव्यात. आदल्या दिवशी घारगे तळावेत, बटाट्याची भाजी आणि काळा भात करून फ्रिजमध्ये ठेवावा, बर्फाचा हात गोठवावा आणि पेस्ट्री सैल होण्यासाठी काढावी. त्या दिवशी दुपारी तीनला ममी गुंडाळायला मुलांना बसवावे. साडेतीनला मिरच्या भराव्यात आणि त्या ओव्हनमधून निघाल्या, की ममी आत घालाव्यात. दोन्हींचे तापमान वेगळे असल्यामुळे ते एकाच वेळी भाजू नयेत. सूप साडेचारला गरम करून जाळे काढावे.

दही, भात आणि भाजीचे पदार्थ टेबलावर दोन तासांहून अधिक वेळ ठेवू नयेत. मुले फिरायला निघाली, की उरलेले लगेच फ्रिजमध्ये जावे आणि तीन-चार दिवसांत संपवावे. भाजलेल्या भोपळ्याचा गर उरला, तर त्यात दही, मीठ, साखर आणि वरून मोहरी-मिरचीची फोडणी घालून दुसऱ्या दिवशी भरीत करावे.